सामंजस्य करारात नेमके असते काय? देशोदेशींच्या विद्यापीठांचे सहकार्य, बेळगावातून पाहिलेले

निपाणी, चिकोडी किंवा खानापूर तालुक्यातल्या ज्या घरातले मूल पीयूसीनंतर कोल्हापूरला शिकायला गेले आहे, त्या घराला शिक्षणाची 'मान्यता' म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. इकडे एसएसएलसी आणि पीयूसी, तिकडे दहावी आणि बारावी. इकडे मार्क्सकार्ड, तिकडे गुणपत्रिका. जाताना मायग्रेशन सर्टिफिकेट, पोचल्यावर एलिजिबिलिटी, आणि शिकून परत आल्यावर नोकरीच्या अर्जासोबत तीच कागदपत्रे पुन्हा एकदा. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ ही दोन्ही एकाच विद्यापीठ अनुदान आयोगाच्या देखरेखीखाली चालतात, आणि तरीही मला स्वतःला एकदा एका कार्यालयाच्या खिडकीपाशी दोन अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवून पानोपान जुळवून दाखवावे लागले होते. तासाभरानंतर खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे विचारले, "तुमचं ते 'सत्र' म्हणजे आमचं सेमिस्टरच की काय?" होय म्हटल्यावर शिक्का मिळाला.

एका देशातल्या दोन राज्यांत ही परिस्थिती असेल, तर दोन देशांतली सरकारे आणि विद्यापीठे एकत्र काम करायचे ठरवतात तेव्हा किती गोष्टी जुळवाव्या लागत असतील याचा अंदाज सीमाभागातल्या माणसाला लवकर येतो. वर्तमानपत्रात त्याची बातमी मात्र फार सोपी असते. दोन कुलगुरू, दोन छोटे ध्वज, मखमली फाइल, पाहुण्यांच्या डोक्यावर म्हैसुरी पेटा आणि खाली एक ओळ: अमुक विद्यापीठाशी सामंजस्य करार. त्या फाइलमध्ये काय असते, काय नसते, आणि सही झाल्यानंतर प्रत्यक्ष काही घडते ते कशामुळे, हे या लेखात पाहू.

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. सामंजस्य करार हा कायद्याच्या अर्थाने बहुधा करार नसतोच. आपण अमुक विषयांत एकत्र काम करू इच्छितो, प्राध्यापकांची आणि विद्यार्थ्यांची देवाणघेवाण व्हावी असे आम्हांला वाटते, असा इरादा त्यात लिहिलेला असतो, आणि शेवटच्या कलमांपैकी एखाद्यात बहुतेक वेळा असेही लिहिलेले असते की या कागदामुळे कोणत्याही पक्षावर पैशाची जबाबदारी येत नाही. लग्नाच्या बाबतीत बोलायचे तर ही सुपारी फुटल्यासारखी अवस्था असते. देणे-घेणे, मुहूर्त, मांडव यांची बोलणी पुढेच असतात. खरी बोलणी ज्यात उतरतात तो कागद वेगळा असतो. त्यात कोणता प्रकल्प, किती वर्षे, पैसा कोणाचा, माहितीवर हक्क कोणाचा, शोधाचे पेटंट निघाले तर ते कोणाच्या नावावर, आणि वाद झाल्यास न्याय कोणत्या देशाच्या कायद्याने, हे सर्व लिहिलेले असते. पहिल्या कागदाचा फोटो येतो. दुसऱ्या कागदाचा येत नाही, कारण तो चाळीस-पन्नास पानांचा आणि वाचायला रुक्ष असतो.

या दोन्ही कागदांच्या वरती आणखी एक थर असतो, तो सरकारांचा. दोन देशांच्या सरकारांनी आपापसांत चौकट आखून दिली नसेल, तर विद्यापीठांना फार पुढे जाता येत नाही. व्हिसा, आयात केलेल्या उपकरणांवरचा कर, परदेशी पैशाला परवानगी, यांपैकी काहीच विद्यापीठाच्या हातात नसते. म्हणून सरकारे आधी आपसांत करार करतात आणि अनेकदा त्यासाठी एक कायमची संस्थाच उभी करतात. भारत आणि अमेरिका यांच्यातला फुलब्राइट शिष्यवृत्तीचा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला, म्हणजे प्रजासत्ताक होऊन जेमतेम आठवडा उलटला होता तेव्हा. पुढे २००८ मध्ये नवा करार होऊन भारत सरकार त्यात बरोबरीचे भागीदार झाले आणि शिष्यवृत्तीच्या नावात फुलब्राइटसोबत नेहरूंचे नाव आले. नाव बदलणे ही वरवरची गोष्ट वाटेल, पण त्यामागचा हिशेब महत्त्वाचा आहे, कारण जो निम्मा खर्च उचलतो त्याला कोणत्या विषयाला किती जागा द्यायच्या यातही बोलता येते. फ्रान्सबरोबरचे संशोधन केंद्र १९८७ पासून चालू आहे आणि त्याचा खर्च दोन्ही देश उचलतात. अमेरिकेबरोबरचा विज्ञान व तंत्रज्ञान मंच २००० मध्ये, तर जर्मनीबरोबरचे केंद्र २०१० मध्ये उभे राहिले.

सरकारांच्या मैत्रीमागे राजकारण असते, हे लपवण्यात अर्थ नाही आणि त्यात काही गैरही नाही. १९५०-६० च्या दशकांत उभ्या राहिलेल्या आयआयटी पाहा. पवईच्या आयआयटीला सोव्हिएत संघाची मदत युनेस्कोमार्फत मिळाली. मद्रासच्या आयआयटीमागे पश्चिम जर्मनी होता. दिल्लीला ब्रिटनने हात दिला. आणि कानपूरला १९६२ ते १९७२ या काळात अमेरिकेतल्या नऊ शिक्षणसंस्थांच्या समूहाने प्राध्यापक आणि उपकरणे पुरवली. शीतयुद्धात परस्परांवर क्षेपणास्त्रे रोखून बसलेल्या देशांकडून भारताने आपल्या अभियंत्यांच्या प्रयोगशाळा भरून घेतल्या. याला कोणी धूर्तपणा म्हणेल, कोणी व्यवहार. मला तो उत्तम व्यवहार वाटतो.

तिसरा थर सर्वांत खालचा आणि सर्वांत दुर्लक्षित: दोन माणसांची ओळख. एखाद्या परिषदेत भेटलेले, एकमेकांचे काम वाचलेले, एकमेकांच्या आकड्यांवर विश्वास बसलेले दोन संशोधक. वरचे दोन्ही थर पक्के असून हा थर नसेल तर करार फाइलीतच राहतो. हे कसे घडते ते दाखवणारे एक उत्तम उदाहरण आपल्या बेळगावातच आहे, आणि नेहरूनगरच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या कितीतरी लोकांना ते माहीत नाही, म्हणून ते थोडे सविस्तर सांगतो.

अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजे एनआयएच, ही तिथल्या सरकारची वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी मोठी संस्था आहे. तिच्या माता-बाल आरोग्य विभागाने २००१ मध्ये स्त्रिया आणि मुलांच्या आरोग्यासाठी अनेक देशांतल्या संशोधन केंद्रांचे एक जाळे उभारले. प्रत्येक केंद्रात अमेरिकी विद्यापीठ आणि स्थानिक संस्था अशी जोडी होती. त्यांतले एक केंद्र बेळगावच्या केएलई संस्थेचे जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज. त्याच्याबरोबर सुरुवातीला मिसुरी-कॅन्सस सिटी विद्यापीठ आणि शिकागोचे इलिनॉय विद्यापीठ होते. प्रश्न असा होता: बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव होऊन ज्या बाया दगावतात, त्यांना खेड्यात, डॉक्टर नसताना, कसे वाचवायचे?

रुग्णालयात यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. पण ते थंड ठेवावे लागते आणि टोचायला शिकलेला माणूस लागतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या कितीतरी खेड्यांत बाळंतपण घरी किंवा उपकेंद्रात व्हायचे, आणि हजर असायची ती फक्त नर्सबाई. मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी गर्भाशय आकुंचन पावायला मदत करते, तिला फ्रिज लागत नाही आणि ती तोंडाने घेता येते. ती खेड्यात खरोखर उपयोगी पडते का हे मात्र कोणी नीट तपासलेले नव्हते.

तपासायचे तर आधी रक्त मोजता यायला हवे, आणि इथेच सगळे अडले. बाळंतपणात गेलेले रक्त कपड्यांत, जमिनीवर, पोत्यात मुरते. 'बरंच गेलं' किंवा 'नेहमीसारखंच' एवढेच सांगता येते. या जोडगटाने त्यावर एक साधे साधन तयार केले: बाळंतिणीच्या कमरेखाली पसरायची प्लास्टिकची चादर, जिच्या खालच्या टोकाला निमुळती पिशवी, आणि पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. किंमत मामुली. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात नजरेने केलेला अंदाज आणि चादरीचे माप यांची तुलना केली, तेव्हा नजरेचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा सरासरी ३३ टक्क्यांनी कमी भरत असल्याचे आढळले. अनुभवी डोळ्यांचीही एक तृतीयांश चूक होत होती, आणि ती नेमकी धोका कमी दाखवणाऱ्या बाजूला.

त्यानंतर सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात १,६२० बाळंतिणींवर प्रत्यक्ष चाचणी झाली. निम्म्या बायांना गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी. कोणाला कोणती मिळाली हे बाळंतिणीलाही ठाऊक नव्हते आणि देणाऱ्या नर्सबाईलाही नव्हते. गोळी देणे, चादर पसरणे, माप लिहिणे हे सगळे पंचवीस नर्सबाईंनी केले. ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्तस्रावाचे प्रमाण औषधविरहित गटात १२ टक्के, तर औषध घेतलेल्या गटात ६.४ टक्के निघाले. हजार मिलिलिटरच्या वर जाणारा गंभीर रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आला. म्हणजे अठरा बायांना गोळी दिली की एकीचा अतिरक्तस्राव टळत होता. काहींना थोडा वेळ थंडी वाजली, ताप आला. त्यापलीकडे मोठा त्रास आढळला नाही. हे निष्कर्ष २००६ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. जगभर असे आणखीही अभ्यास झाले, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉलचा समावेश आवश्यक औषधांच्या यादीत केला.

औषधविरहित गोळी देणे योग्य होते का, हा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल, आणि तो तेव्हाही विचारला गेला. त्याचे उत्तर असे दिले गेले की त्या ठिकाणी, त्या काळी, खेड्यातल्या अशा बाळंतपणात कोणतेही औषध न देणे हीच रीत होती. म्हणजे औषधविरहित गटातल्या बाईला एरवी मिळणारे काही नाकारले गेले नाही, उलट तिच्याजवळ माप घेणारी प्रशिक्षित नर्स मात्र होती. मला हे उत्तर बरोबर वाटते, पण पूर्ण समाधान करणारे वाटत नाही, आणि अशा प्रश्नांवर पूर्ण समाधान होऊ नये हेच बरे.

आता या गोष्टीतले थर वेगळे करून पाहा. अमेरिकी सरकारचा पैसा, बिल आणि मेलिंडा गेट्स प्रतिष्ठानाचीही भर, दोन्ही देशांच्या नियमांची परवानगी, अमेरिकेतल्या विद्यापीठांचे संख्याशास्त्र, बेळगावच्या महाविद्यालयाचे डॉक्टर, आणि सर्वांत शेवटी पंचवीस नर्सबाई. प्रमुख अमेरिकी संशोधक पुढे एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत गेले आणि बेळगावची जोडी फिलाडेल्फियाच्या थॉमस जेफरसन विद्यापीठाशी जुळली. करारातले नाव बदलले, पण काम तुटले नाही. मी वर म्हटलेला तिसरा थर तो हाच. याच जाळ्यातून पुढे सहा देशांत ११,९७६ गरोदर स्त्रियांवर कमी मात्रेच्या ॲस्पिरिनची चाचणी झाली, त्यात भारतातली केंद्रे बेळगाव आणि नागपूर ही होती. मुदतीपूर्वी होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण त्यात १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले. फरक दीड टक्क्याचा. इतका बारीक फरक खरा की योगायोग हे ठरवायला हजारो बाळंतपणे मोजावी लागतात, आणि तेवढी एका जिल्ह्यात, ठरावीक वर्षांत, मिळत नाहीत. अनेक देशांनी मिळून संशोधन करण्याचे हे सर्वांत रोकडे कारण आहे. दुसरे कारण असे की जे बेळगावात खरे ठरले ते झांबियात आणि ग्वाटेमालातही खरे ठरले, तरच ते औषधाचे म्हणता येते. नाहीतर ते केवळ बेळगावचे असू शकते.

चादरीचीही गोष्ट पुढे गेली. २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या रुग्णालयांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात खुणांच्या अशाच चादरीने रक्त मोजून लगेच उपचार सुरू करण्याची पद्धत वापरली, तेव्हा गंभीर परिणामांचे प्रमाण ६० टक्क्यांनी घटले.

हे सगळे वाचून परदेशी संस्था येते आणि काम सुरू होते असा समज होऊ नये. परदेशी पैशाने किंवा परदेशी भागीदारासोबत आरोग्य संशोधन करायचे असेल तर महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची संमती लागते, आणि शिवाय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी लागते, जिचे काम भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद पाहते. सहभागी होणाऱ्या व्यक्तीला तिला समजणाऱ्या भाषेत सगळे सांगून तिची संमती घ्यावी लागते. आपल्याकडे हा नियम कागदावर दिसतो त्याहून अवघड आहे, कारण एकाच गावात एका घरी कन्नड, शेजारी मराठी आणि पलीकडे उर्दू बोलली जाते, आणि संमतीपत्राचे इंग्रजीतून शब्दशः केलेले मराठी भाषांतर कधी कधी मराठी माणसालाही समजत नाही.

नमुन्यांचा प्रश्न याहून जुना आहे. खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात, तळेवाडीजवळ बारापेडे नावाच्या गुहा आहेत. तिथे राहणाऱ्या एका मोठ्या कानांच्या वटवाघळाचे पहिले शास्त्रीय वर्णन १९१३ मध्ये लंडनच्या संग्रहालयातले प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी केले. नाव दिले रॉटन यांचे, जे मुंबई इलाख्यात वनाधिकारी होते. नमुना लंडनला गेला तो तिथेच राहिला. पुढे कित्येक दशके हे वटवाघूळ जगात फक्त याच गुहांतून माहीत होते. कंबोडिया आणि मेघालय इथे ते सापडले ते फार नंतर. म्हणजे आपल्या तालुक्यातल्या गुहेतला प्राणी अभ्यासायचा तर मूळ नमुना पाहायला लंडनला जावे लागेल. त्या काळात याला सहकार्य म्हणत नसत, आणि म्हणायची गरजही नव्हती, कारण दोन्ही टोकांना राज्य एकाच सरकारचे होते.

आज तसे करता येत नाही. १९९२ च्या जैवविविधतेच्या आंतरराष्ट्रीय कराराने प्रत्येक देशाचा आपल्या जैविक संपत्तीवर हक्क मान्य केला, आणि भारताने २००२ मध्ये त्यासाठी कायदा केला. परदेशी व्यक्ती किंवा संस्थेला इथले जैविक साहित्य संशोधनासाठी घ्यायचे असल्यास चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी लागते. भारतात नवी प्रजाती सापडली तर तिचा नमुना ठरवून दिलेल्या भारतीय संग्रहात जमा करणे बंधनकारक आहे. केंद्र सरकारच्या नियमांनुसार मंजूर झालेल्या दोन्ही देशांच्या संयुक्त प्रकल्पांना यात थोडी सवलत आहे. विद्यापीठातले संशोधक या परवान्यांच्या दिरंगाईबद्दल सतत कुरकुरतात, आणि ती कुरकुर बऱ्याच वेळा रास्त असते. पण बारापेडेची गुहा आठवली की कायदा का करावा लागला हेही कळते.

पैशाच्या वाटेवर वेगळी नाकी आहेत. परदेशी देणगी किंवा अनुदान विदेशी अंशदान कायद्याखाली येत असेल तर २०२० च्या दुरुस्तीनंतर ते प्रथम नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागते; संस्था बेळगावची असो वा गुवाहाटीची. शिवाय पैसा ज्याच्याकडून येतो त्याचे धोरण बदलले की इकडचे काम हलते. मे २०२५ मध्ये एनआयएचने जाहीर केले की अमेरिकी संस्थेला दिलेल्या अनुदानातून परदेशी भागीदाराला पोटअनुदान देण्याची जुनी पद्धत, नवी रचना होईपर्यंत, बंद राहील. वॉशिंग्टनजवळच्या एका कार्यालयातले हे परिपत्रक, पण त्याचा अर्थ जगभरच्या अशा शेकडो केंद्रांना लगेच समजला. ऊस कितीही चांगला असला तरी दर ठरतो दुसरीकडे, हे ज्याच्या शेतात ऊस आहे त्याला ठाऊक असते.

मोठ्या विज्ञानाची उदाहरणे बातम्यांत अधिक येतात, म्हणून त्यांवर थोडक्यातच. युरोपातली सर्न ही कणभौतिकीची प्रयोगशाळा १९५४ पासून अनेक देशांनी मिळून चालवली आहे. भारत २०१७ पासून तिचा सहयोगी सदस्य आहे. नासा आणि इस्रो यांचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडला गेला. त्यावरचे एक रडार अमेरिकेचे आणि दुसरे भारताचे. आणि मराठी वाचकाला सर्वांत जवळचे म्हणजे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारी लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, जिला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. संवेदक यंत्रणेचे महत्त्वाचे भाग अमेरिकेचे, जागा, इमारती आणि निर्वात नळ्यांची चार-चार किलोमीटरची व्यवस्था आपली. इथे देवाणघेवाण उपकाराची नसते. लहर आकाशात कोठून आली हे नेमके सांगायला पृथ्वीवर दूरदूर वेधशाळा लागतात, आणि अमेरिकेतल्या दोघींना भारतातली तिसरी बहीण त्यांच्याच कामासाठी हवी आहे.

आता पालकांचा प्रश्न, जो मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो: "आमच्या कॉलेजचा परदेशी विद्यापीठाशी करार आहे म्हणतात, मग पोराला तिकडची डिग्री मिळेल ना?" याचे उत्तर करारात 'सहकार्य' हा शब्द किती वेळा आला यावर अवलंबून नाही, ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांत आहे. त्यात तीन प्रकार आहेत, आणि तिन्हींची इंग्रजी नावे इतकी सारखी वाटतात की जाहिरातीत त्यांची मुद्दाम सरमिसळ केली जाते.

हे समजायला आधी 'क्रेडिट' समजले पाहिजे. पूर्वी बाजारात धान्य पायलीने मोजत आणि प्रत्येक पेठेची पायली थोडी वेगळी असे. क्रेडिट म्हणजे अभ्यासाची पायली. भारताच्या नव्या राष्ट्रीय क्रेडिट चौकटीत वर्षाला १,२०० तासांचे शिक्षण म्हणजे ४० क्रेडिट धरतात. युरोपात १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर रूढ झालेल्या पद्धतीत पूर्ण वर्षाचा अभ्यास ६० क्रेडिटचा असतो. म्हणून पायली कोणती हे न सांगता 'आमच्याकडे ६० क्रेडिट झाली' असे म्हणण्याला अर्थ नसतो.

चार वर्षांची पदवी १६० क्रेडिटची धरू. ट्विनिंग प्रकारात विद्यार्थी काही काळ परदेशी विद्यापीठात शिकतो, पण तिथली क्रेडिट ३० टक्क्यांपेक्षा, म्हणजे ४८ पेक्षा, जास्त असू शकत नाहीत, आणि पदवी एकच मिळते, ती भारतीय विद्यापीठाची. संयुक्त पदवीत दोन्ही विद्यापीठांनी मिळून अभ्यासक्रम आखलेला असतो, प्रत्येकाकडे किमान ३० टक्के क्रेडिट पूर्ण करावी लागतात, आणि एका प्रमाणपत्रावर दोघांची बोधचिन्हे येतात. दुहेरी पदवीत दोन्ही विद्यापीठे आपापली स्वतंत्र पदवी देतात, मात्र भारतीय विद्यापीठात किमान ३० टक्के क्रेडिट झालेली असावी लागतात. ज्या भारतीय संस्थेला नॅकचे, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यमापन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेचे, किमान ३.०१ गुण आहेत, किंवा जी राष्ट्रीय क्रमवारीत विद्यापीठांच्या गटात पहिल्या शंभरात आहे, ती जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या हजारांतल्या परदेशी संस्थेशी आयोगाच्या स्वतंत्र परवानगीशिवाय असा करार करू शकते. इतरांना परवानगी लागते. केवळ नाव भाड्याने घेऊन चालवलेल्या शाखा, ज्याला फ्रँचायझी म्हणतात, त्या मान्य नाहीत; आणि ऑनलाइन कंपन्यांच्या माध्यमातून दिल्या जाणाऱ्या परदेशी पदव्यांना मान्यता नसल्याचा इशारा आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीरपणे दिला आहे. तेव्हा कॉलेजच्या माहितीपत्रकात परदेशी विद्यापीठाचा शिक्का मोठा छापलेला असेल तर कार्यालयात एवढेच विचारावे: या तिघांपैकी कोणता प्रकार, आणि प्रमाणपत्रावर सही कोणाची. उत्तर देताना समोरचा माणूस चहा मागवू लागला तर समजून घ्यावे.

उलट्या दिशेने येणारा प्रवाहही आपल्याकडे आहे. २०१० पासून मलेशियाच्या युनिव्हर्सिटी सैन्स मलेशिया आणि केएलई संस्था यांच्या संयुक्त वैद्यकीय अभ्यासक्रमात मलेशियाची मुले बेळगावात राहून शिकली, रुग्ण इथले तपासले, आणि पदवी मलेशियाच्या विद्यापीठाची घेतली. परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणारी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदही १९५० पासून काम करते आहे. सहकार्यात आपण नेहमी घेणारेच असतो हा समज त्यामुळे खरा नाही.

आणि जर्मनीला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी, कारण गेल्या काही वर्षांत खेडोपाडीच्या इंजिनिअर मुलांचा ओढा तिकडे वाढलेला मला दिसतो. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेतात. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करताना एपीएस नावाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. ते नवी दिल्लीतल्या जर्मन दूतावासाचे तपासणी केंद्र देते, आणि देण्यापूर्वी पदवीबरोबर बारावीची कागदपत्रेही तपासते. या तपासणीला काही आठवडे सहज जातात, म्हणून प्रवेशाचे पत्र येण्याची वाट न पाहता अर्ज आधीच करून ठेवावा, आणि पीयूसीच्या मार्क्सकार्डवर वडिलांचे नाव, आडनाव आणि इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टशी जुळते की नाही हे त्याआधी एकदा पाहून घ्यावे. आपल्याकडे ते जुळत नाही असे बऱ्याचदा होते, कारण कन्नडमधून इंग्रजीत आलेले नाव आणि मराठीतून इंग्रजीत आलेले नाव ही एकाच मुलाची दोन नावे होऊन बसतात. मार्क्सकार्डमधली दुरुस्ती करून घ्यायला शाळेचे पत्र, बोर्डाचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र लागते, आणि त्याला जर्मन दूतावासापेक्षा जास्त वेळ लागू शकतो.